कब कॅडेट १२२ रिव्ह्यू: गवत कसं कापतो ते सोडा, उघडतो कसा ते बघा

नवीन लॉन ट्रॅक्टरचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, गवत किती सारखं कापतो, सीट मऊ आहे का, ग्लास ठेवायला जागा आहे का वगैरे. जुन्या गार्डन ट्रॅक्टरबद्दल मात्र लोक एकतर कौतुकाचे पूल बांधतात नाहीतर सरळ भंगारात टाका म्हणतात, आणि ज्याला खरंच घेऊन स्वतः दुरुस्त करायचाय त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून हे लिहितोय. ट्रॅक्टर आहे कब कॅडेट १२२ आणि मी त्याला एकाच विषयात मार्क देणार आहे, घरी, आपल्या हाताने, साध्या पान्यांनी हा सांभाळता येतो का.

उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाई असलेले मोकळे. येतो. जे वारंवार बिघडतं ते सगळं बाहेरच्या बाजूला, हाताला येईल असं आहे आणि जे खोल आत आहे ते सहसा बिघडत नाही, अर्थात तेल वेळेवर बघत असाल तर. घाम निघतो तो मुख्यतः दोन ठिकाणी, क्लच आणि स्टिअरिंग. आणि डोकं फिरतं ते ट्रॅक्टरपेक्षा त्याच्यासाठी आज मिळणाऱ्या स्वस्त पार्टांमुळे, त्यावर खाली बोलतोच.

थोडी कुंडली मांडतो. शेतीचे मोठे ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ७ हॉर्सपॉवरचा पहिला कब कॅडेट काढला, आणि १२२ हा त्याच्यानंतर आलेला, १९६५ ते १९६७ मधला. १२ हॉर्सपॉवरचं कोहलरचं के३०१ इंजिन, तीन गिअर पुढे आणि एक मागे. त्याच काळात त्याचा भाऊ १२३ आला, तेच इंजिन पण हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा. पुढे १९८१ मध्ये हा सगळा धंदा एमटीडी या अमेरिकन कंपनीकडे गेला आणि २०२१ मध्ये एमटीडी स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतली. नाव अजून चालू आहे पण आज दुकानात त्या नावाने जे मिळतं त्याचा आणि १२२ चा संबंध आडनावापुरताच समजा.

याला गार्डन ट्रॅक्टर का म्हणायचं आणि लॉन ट्रॅक्टर का नाही, तर हा नांगर ओढतो, माती उकरतो, बर्फ ढकलतो. त्याचं कारण मधोमध जाणाऱ्या शाफ्टमध्ये आहे. त्या काळच्या जॉन डिअर ११० मध्ये काय, व्हील हॉर्समध्ये काय, इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे जायची ती बेल्टवरून. कब कॅडेटमध्ये इंजिनच्या मागून निघालेला शाफ्ट सरळ मागच्या गिअरबॉक्समध्ये घुसतो, मध्ये फक्त क्लच. गिअरबॉक्स पण फार्मॉल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातली. त्यामुळे चढावर बेल्ट घसरतोय, ओला झालाय, ताणला गेलाय असली भानगडच नाही. नाही म्हणायला एक बेल्ट आहे, गवत कापायच्या डेकचा, आणि तो इंजिनच्या पुढच्या उभ्या पुलीवरून निघून पीळ खाऊन आडव्या पुलीवर जातो. तो बसवताना पहिल्यांदा प्रत्येकजण उलटा पीळ देतो की सुलटा यात अडकतो. बेल्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विषय संपला.

आता इंजिन. के३०१ हे सिंगल सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, बोअर ३ ३/८ इंच आणि स्ट्रोक ३ १/४ इंच. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच आहेत, म्हणजे हेड म्हणजे नुसतं एक झाकण. पुशरॉड नाही, रॉकर नाही, बोल्ट काढले की हेड हातात. या असल्या इंजिनांत हेडखाली कार्बन साठत जातो आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्येच दर ५०० तासांनी हेड काढून साफ करा असं दिलंय, जे आजकाल कोणी करत नाही आणि मग इंजिन ठोकायला लागलं की घाबरतात. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कार्बन खरवडायचा, हेड काचेच्या तुकड्यावर सँडपेपर ठेवून घासून सपाट आहे का बघायचं, नवीन गॅस्केट टाकायचं आणि बोल्ट २५ ते ३० फूट-पाउंडला टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या क्रमाने कसायचे. टॉर्क रेंच नसेल तर या कामापुरता मागून आणा पण अंदाजाने कसू नका. हेड उघडलंच आहे तर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या खुंटीचा, गॅप पण बघून घ्या, इनटेक ०.००८ ते ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०२०, इंजिन थंड असताना. के३०१ मध्ये टॅपेटला ॲडजस्ट करायचा स्क्रू दिलाय ही मोठी सोय, याच सिरीजच्या छोट्या इंजिनांत तो नाही, तिथे व्हॉल्व्हची दांडी घासावी लागते.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पॉइंट, ठिणगीचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. त्या काळच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली दडलेले असायचे, म्हणजे पॉइंट साफ करायचे तर आधी फ्लायव्हील ओढून काढा, त्यासाठी पुलर शोधा. इथे पॉइंट इंजिनच्या अंगावर बाहेर, छोट्या झाकणाखाली बसलेत आणि आतल्या कॅमवरून एक बारीक दांडी येऊन त्यांना ढकलते. झाकण काढायचं, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडे राहतील असं थांबवायचं आणि फीलर गेजची ०.०२० इंचाची पट्टी घालून गॅप सेट करायचा. इतक्यावर इंजिन सुरू होईल पण तिथे थांबू नका, कारण या इंजिनात पॉइंटचा गॅप आणि टायमिंग एकच गोष्ट आहे, गॅप थोडा वाढवला की ठिणगी लवकर पडते, कमी केला की उशिरा.

टायमिंग बघायला लाइट-बिइट लागत नाही, १२ व्होल्टचा एक साधा बल्ब पुरतो. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. बल्बची एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा डबा) ज्या टोकाला पॉइंटची वायर येते तिथे, दुसरी इंजिनच्या बॉडीला. चावी ऑन करा आणि फ्लायव्हील ज्या दिशेला चालताना फिरतं त्याच दिशेला हळूहळू फिरवा. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. फ्लायव्हीलवर दोन खुणा आहेत, टी म्हणजे पिस्टन एकदम वर आणि एस म्हणजे ठिणगी पडायची जागा, जी वरच्या टोकाच्या २० अंश आधी येते. एसची खूण इंजिनवरच्या छोट्या खिडकीत आली आणि त्याच क्षणी बल्ब पेटला की झालं. जरा आधी पेटला तर गॅप केसभर कमी करा, नंतर पेटला तर केसभर वाढवा. झालं की चावी लगेच बंद करा, पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन राहिली तर कॉइल फुकट तापते. हे एवढं जमलं की ट्रॅक्टर सुरू व्हायला कुरकुरतो ही तक्रार निम्म्याने कमी होते, मी तर म्हणतो कार्बोरेटरला हात लावायच्या आधी हेच करा. लोक उलटं करतात, कार्बोरेटर आधी खोलतात आणि मग दोन प्रॉब्लेम घेऊन बसतात.

आता कार्बोरेटर. मूळचा कास्टिंगचा, जाड आणि साधा, दोन सुया, एक मेन आणि एक आयडलची, म्हणजे मंद रेसची. पेट्रोल टाकून ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा ठेवला की आत चिकट थर बसतो, इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइपही फुगतात, म्हणून आधी पाइप बदला, मग बाकी. खोलून स्प्रेने सगळी भोकं साफ करायची, तारा घालून भोकं मोठी करायची नाहीत, आतल्या पेट्रोलची पातळी धरणाऱ्या फ्लोटची उंची बघायची, नवीन सुई आणि गॅस्केट असलेला किट टाकायचा. जुन्या कार्बोरेटरचा खरा आजार वेगळाच असतो, थ्रॉटलचा शाफ्ट ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून मोठं होतं आणि तिथून हवा आत शिरते. मग आयडल कधी वर कधी खाली, सुया कितीही फिरवा. तपासायला इंजिन चालू असताना शाफ्ट बोटाने हलवून बघा, आवाज बदलला तर तिथेच दुखतंय. लेथवाला त्यात पितळी बुश बसवून देतो आणि पुढची कित्येक वर्षं बघायला लागत नाही.

इथे लोक शॉर्टकट मारतात आणि नकली नवा कार्बोरेटर मागवतात, बिननावाचा, चकचकीत. मी पण मागवून बघितला कारण बुश बसवण्यापेक्षा स्वस्त पडत होता. गव्हर्नरची, म्हणजे इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, दांडी ज्या भोकात अडकते ते भोकच वेगळ्या अंतरावर, त्यामुळे गव्हर्नर भलत्याच ठिकाणी खेचत होता, चोकची पट्टी अर्धवट मिटायची आणि सुईचे आटे असे ढिले की इंजिनच्या थरथरीने सुई आपोआप फिरायची. गव्हर्नर चुकीचा लागला तर इंजिन ३६०० आरपीएमच्या वर पळू शकतं आणि या इंजिनाला ते अजिबात झेपत नाही, त्यामुळे ही फक्त नीट न चालण्याची गोष्ट राहत नाही. मी तो काढून ठेवला आणि जुन्यालाच बुश बसवले. नवीन कंडेन्सरचं (पॉइंट जळू न देणारा छोटा पार्ट) पण तसंच, जुना चालतोय तर त्याला हात लावू नका, नवीन पार्ट म्हणजे चांगला पार्ट हा हिशेब या ट्रॅक्टरला लागू नाही.

तेलाबद्दल मात्र कडक राहा. या इंजिनात तेलाचा पंपच नाही. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक जीभ आहे ती तेलात आपटून तेल उडवते, तेवढंच काय ते वंगण. रॉड ॲल्युमिनियमची आणि ती क्रँकवर थेट चालते, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. तेल कमी असताना उतारावर तिरका चालवला की जीभ तेलापर्यंत पोचत नाही, रॉड क्रँकला धरते, तुटते आणि जाताना ब्लॉकला भगदाड पाडून जाते. प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी डिपस्टिक बघायची, याला पर्याय नाही. कमी रेसवर रेंगाळत पण चालवू नका, हवेने गार होणारं इंजिन आहे, पंखा जोरात फिरला तरच गार राहतं. आणि वर्षातून एकदा वरचा पत्रा काढून फिन, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्या, साफ करा, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असेल तर उंदीर तिथे हमखास संसार थाटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि आत अख्खी एक बाजू सुक्या गवताने गच्च भरलेली. ब्लॉक बिडाचा असल्यामुळे झिजला तरी पुन्हा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो, ही सोय आजच्या स्वस्त इंजिनांत क्वचितच.

इलेक्ट्रिकल बघून नवखे लोक गोंधळतात कारण स्टार्टर शोधतात आणि सापडत नाही. इंजिनच्या बाजूला बेल्टवर लावलेला जो जाड डबा दिसतो तोच स्टार्टर आणि तोच जनरेटर. सुरू करताना तो इंजिनला फिरवतो, सुरू झालं की इंजिन त्याला फिरवतं आणि बॅटरी चार्ज होते. बेल्ट ढिला असेल तर नुसता किंचाळतो आणि बॅटरी गेली असं वाटतं. ब्रश बदलणं सोपं आहे, दोन लांब बोल्ट काढले की मागचं झाकण निघतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जनरेटर खोलून परत लावला किंवा नवीन रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंग आवरणारा डबा, बसवला की इंजिन सुरू करायच्या आधी पोलराइझ करायचा, म्हणजे रेग्युलेटरवरच्या बॅटरीच्या आणि जनरेटरच्या टर्मिनलला वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा. बारीक ठिणगी उडेल, बस. हे राहून गेलं तर उलटा चार्ज होऊन रेग्युलेटर जळू शकतो आणि मग माणूस पार्टवाल्याला शिव्या घालत बसतो.

क्लच. इथे मी मार्क कापतो. शाफ्टवर दोन प्लेटांच्या मध्ये घर्षणाची चकती, मागे दणदणीत स्प्रिंग, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं थ्रो-आउट बेअरिंग, आणि हे सगळं शाफ्टला धरून ठेवतात गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिना. या पिना झिजतात, शाफ्टमधलं भोक लंबगोल होतं, मग क्लच सोडला की कट्ट असा आवाज येतो. पिन काढायची तर फ्रेमच्या आत, जिथे हातोडा उचलायला वीतभर जागा नाही तिथे पंच धरून ठोकायची आणि पिन गंजून भोकाशी एकजीव झालेली असते. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, शाफ्टच्या खाली जड लोखंडाचा आधार द्या म्हणजे ठोका वाया जात नाही आणि पंच बरोबर मापाचा घ्या, बारीक पंच पिनच्या पोकळीत घुसून तिला आतून फुलवतो आणि मग ती कोणाच्या बापाला निघत नाही. शाफ्ट बाहेर काढायला बऱ्याचदा इंजिन पुढे सरकवावं लागतं. एकदा बाहेर आला की चकती, बेअरिंग, पिना, सगळं एकदमच बदला, परत तिथे जायची इच्छा होणार नाही. चांगल्या दर्जाचे हे पार्ट अजून मिळतात, हे खरंच नशीब.

स्टिअरिंगचा खुळखुळा जवळजवळ प्रत्येक १२२ मध्ये असतो. आत एक पेचदार कॅम आणि त्यात चालणारा निमुळता खुंटा, खुंट्याची एक बाजू झिजून चपटी होते आणि चाक हातभर फिरवलं तरी टायर हलत नाही. बाहेर ॲडजस्टमेंट आहे, पण आधी ग्रीस भरा मग ॲडजस्ट करा, कोरड्यावर कसलं तर कॅम पण जातो. खुंटा फिरवून कोरी बाजू पुढे आणणारे हुशार लोक आहेत, ते चालतं. तरी खुळखुळ राहिली तर पुढचा एक्सल फ्रेममध्ये जिथे झुलतो तिथली पिन बघा, अर्धा दोष तिथला निघतो.

मागच्या गिअरबॉक्सला मात्र पैकीच्या पैकी. हायट्रान नावाचं तेल टाकायचं, ७ पाइंट, आणि विसरायचं. फक्त ते दुधाळ दिसायला लागलं की आत पाणी गेलंय, थंडीत ते गोठून गिअर जॅम होतो, लगेच बदला.

एक सेफ्टीची गोष्ट. सीटखाली स्विच नाही, म्हणजे तुम्ही खाली पडलात तरी इंजिन आणि पाती फिरतच राहतात. आजच्या मशीनची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही. मी स्विच लावून घेतला, सीटखाली सीट स्विच आणि दोन वायरी, घेतल्या घेतल्या पहिलं काम हेच करा. आणि उताराला, मुलांना आसपास ठेवून याच्याशी खेळ नको.

१२२ घ्यावा की १२३, तर स्वतः दुरुस्ती करणाऱ्याने १२२. हायड्रो चालवायला मजा आहे, पण फिल्टर आणि तेल बदलण्यापलीकडे ते युनिट घरी उघडायचं धाडस कमी लोकांत असतं, गिअरवाला मात्र टेबलावर पसरून परत जोडता येतो.

बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका, पिवळा रंग कोणीही मारतो. मागच्या तेलाचा प्लग उघडून तेल बघा. पुढची चाकं धरून हलवा. क्लच दाबून सोडताना कान द्या. यातल्या बऱ्याच इंजिनांत सुरू करताना कॉम्प्रेशन आपोआप सोडणारी यंत्रणा असते त्यामुळे गेजचा आकडा फसवतो, त्यापेक्षा चावी बंद ठेवून फ्लायव्हील उलट्या दिशेला जोरात फिरवा, झटका मारून परत आलं तर कॉम्प्रेशन आहे, नुसतं निवांत फिरत राहिलं तर रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार. आणि विकणारा "फक्त कार्बोरेटर साफ केला की सुरू होईल" असं म्हणेलच, सगळे म्हणतात, त्याला म्हणावं मग साफ करून सुरू करून दाखव, मी थांबतो.